चौदा दिवसांची नोटीस

त्या उन्हाळ्यात कामोठ्याच्या आमच्या घरी फ्रिजवर दोन कागद होते, मिक्सरच्या खोक्याखाली दाबून ठेवलेले. एक पुण्याच्या व्यवस्थापन संस्थेचं प्रवेशपत्र: दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, आणि खाली पहिला हप्ता भरण्याची शेवटची तारीख, ठळक अक्षरांत. दुसरा विचुंब्यातल्या तीन गुंठ्यांचा सातबारा. पंखा लावला की दोन्ही कागदांच्या बाहेर राहिलेल्या कडा उडत. पैसे एकाच कागदापुरते होते. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिच्या निवृत्तीच्या पैशांची ठेव आणि माझी सात वर्षांची बचत, एवढंच. आईने सांगून टाकलं होतं, "ठेव कधी मोडायची ते सांग. कशासाठी, ते तू ठरव."

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. पनवेलहून निघणाऱ्या एका लहान दैनिकात उपसंपादक. उपसंपादक हे पद कार्डावर होतं. प्रत्यक्षात बातमी आणणं, ती लिहिणं, पान लावणं आणि पान सहावरच्या जाहीर नोटिसांची प्रुफं तपासणं, हे सगळं एकाच खुर्चीत होत असे. मला तिथून निघायचं होतं, एवढं नक्की होतं. कुठे जायचं, हे सकाळी एक असे आणि संध्याकाळी दुसरं. रद्द झालेल्या पानाच्या मागच्या बाजूला मी दोन रकाने पाडले होते. पुणे, जमीन. पुण्याच्या रकान्यात सात मुद्दे झाले, जमिनीच्या रकान्यातही सात. मग मी आठवा शोधत बसे. रिक्षात बसल्यावर एखादा सुचे, उतरेपर्यंत खोटा वाटे.

जमिनीचं मूळ म्हणजे माझा शाळेतला वर्गमित्र. नवीन पनवेलमध्ये टायरच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. काचेच्या टेबलाखाली नकाशे, भिंतीवर विमानतळाचं चित्र. जागांचे व्यवहार जुळवणं हा त्याचा धंदा.

"बघ," तो म्हणाला होता, "दोन वर्षं शिकणार. मग कुठल्यातरी होम लोनवाल्या कंपनीत बसणार आणि माझ्याच फाइली पास करणार. त्यापेक्षा आत्ताच फाइलीच्या या बाजूला ये ना. सुरुवात छोट्यापासून कर. हा पीस घे, तीन वर्षं हात लावू नकोस, विक, पुढचा मोठा घे. यालाच इन्व्हेस्टमेंट म्हणतात, तुमच्या पुण्यात हेच शिकवतात, फक्त एसीत."

"आणि भाव पडले तर?"

"विमानतळ आता कोण उचलून नेणार आहे का?"

जागा बिगरशेती झालेली होती, त्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला लागत नव्हता. सातबाऱ्यावर एकच नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या बाइकवरून बघायला गेलो.

विचुंब्यात गाव संपतं तिथे इमारती सुरू होतात, मध्ये रस्ताही नीट नाही. विकणाऱ्याचं घर गावाच्या कडेला होतं आणि घराला लागून ते तीन गुंठे. जागेवर निळी ताडपत्री अंथरली होती, तिच्यावर सुकट वाळत घातलेली. विकणाऱ्याची बायको उकिडवी बसून खराट्याने ती परतत होती. वास रस्त्यापर्यंत येत होता.

"वास येतो का, ताय?" ती म्हणाली. "सवय नसल ना तुमाला."

"मी खाते सुकट."

"मंग घेऊन जा पावशेर. नणंद काय बोलायची नाय."

"सुकट नणंदेची आहे?"

"तिचीच. उरणच्या वाटंला दिलीय तिला. पनवेलच्या बाजारान बसते. माल अर्धा ओला आनते, इथं दोन उनं देते न् मंग नेते. तिकडं खाडीला दमट असतं ना."

माझ्या कामाची एक सवय होती. घटनास्थळी आधी माणसं मोजायची आणि मग कागदावर किती आहेत ते बघायचं. सातबाऱ्यावर एक होतं. वडील वारल्यावर वारस म्हणून एका मुलाची नोंद झाली होती. इथे ताडपत्रीवर दुसरं माणूस होतं.

विकणारा पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने खुर्च्या मांडल्या, चहा मागवला. मी त्याला सरळ विचारलं, "बहिणीचा हिस्सा?"

तो हसला. हनुवटीने ताडपत्रीकडे दाखवत म्हणाला, "तिचा हिस्सा वाळतोय ना समोर."

माझा वर्गमित्रही हसला. विकणाऱ्याने मग समजावून सांगितलं, राग न येता, जशी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगतात तशी. "दर सणाला साडी हाय. गणपतीला आठ दिवस ऱ्हाते. पोरीच्या लग्नात आमी उभे होतो. तिला जागा घेऊन काय करायचा हाय? तिनं कदी मागितली नाय."

"लिहून घेतलंय?"

"बहिणीकडून लिवून घेतात व्हय, ताय?"

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्या भागातल्या बऱ्याच घरांत हा हिशेब तोंडीच चालतो. बहिणीने हिस्सा सोडायचा, भावाने माहेर उघडं ठेवायचं. तलाठ्याकडे वारस लावताना तिचं नाव सांगायचं राहून जातं. आणि राहून गेलं असं कुणाला वाटतही नाही.

परतीच्या वाटेवर बाइक थांबवून वर्गमित्र म्हणाला, "चेहरा पाडू नकोस. रीतसर जाहीर नोटीस देऊ. चौदा दिवस. कुणी हरकत घेतली नाही की वकील क्लिअर लिहून देतो. बात खतम."

"कुठल्या पेपरात?"

"तुझ्याच. तिथं कोण वाचतंय?"

त्याने हे टोचायला म्हटलं नव्हतं. धंद्यातली माहिती होती ती, आणि सात वर्षं ती मलाही होती. नोटीस स्थानिक वृत्तपत्रात द्यावी लागते. ते वृत्तपत्र त्या गावात जातं का, हे कुणी विचारत नाही. विचुंब्याच्या दुकानात मुंबईची दैनिकं येत. आमचा अंक स्टेशनजवळच्या दोन स्टॉलवर, काही सरकारी कचेऱ्यांत आणि वकिलांच्या ऑफिसात जाई. वकील आमच्याकडे नोटिसा पाठवत, कारण आमचे दर कमी होते. दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नसे.

नोटीस सोमवारच्या अंकासाठी आली. प्रुफ माझ्याच टेबलावर. विकत घेणाऱ्याचं नाव नोटिशीत नसतं, "आमचे अशील" असतं. ते अशील मी होते. विकणारा हा मयताचा एकमेव वारस असून सदर मिळकत त्याच्या मालकी वहिवाटीची आहे. तरी कोणाचाही हक्क, हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा तो सोडून दिला असे समजण्यात येईल. गट क्रमांकातला एक आकडा चुकला होता. तो मी दुरुस्त केला. "एकमेव" हा शब्द तसाच गेला.

चौदा दिवस रविवारी संपत होते. पुण्याचा हप्ता भरण्याची शेवटची तारीख त्याआधीच्या शुक्रवारी, म्हणजे बाराव्या दिवशी. दोन दिवसांची ती फट माझ्या डोक्यातून जाईना. जागा नक्की झाली हे कळण्याआधी पुणं सोडावं लागणार होतं, किंवा पुण्याचे पैसे भरून जागा. मी संस्थेला मुदत वाढवून मागणारी मेल पाठवली. नाही म्हणून उत्तर आलं, सभ्य आणि दोन ओळींचं. वर्गमित्राला म्हटलं, नोटीस दहा दिवसांची करता आली असती. तो म्हणाला, "एवढी घाई होती तर आधी सांगायचं. टाइम तू काढलास, रकाने पाडत."

पहिल्या आठवड्यात मी कुठेच धड बसले नाही. ऑफिसातून उगाच तहसील कचेरीवरून चक्कर मारून येई. कामोठ्यात घराखाली क्लासच्या पोरांची गर्दी सुटेपर्यंत गेटपाशी उभी राही आणि वर जायचं टाळत असे. आईने एकदा विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही, नोटीस लागलीय." ती म्हणाली, "तुझी की दुसऱ्या कुणाची?"

सातव्या दिवशी, रविवारी, मी बाजारात गेले. पनवेलच्या मासळी बाजारात सुक्याच्या बायका ओल्याच्या बाहेर, भिंतीला लागून बसतात. विचुंब्याचं नाव काढल्यावर तिसऱ्या बाईने हात करून दाखवलं. ती पंचेचाळिशीची असेल. चेहरा भावाचाच, हनुवटी तीच. पुढ्यात सुकट, बोंबील, थोडे वाकट.

"अर्धा किलो द्या. वाळू नाही ना?"

"वाळू कुठली? मी खाली नाय टाकत. भावाच्या अंगनान ताडपत्रीवर टाकते. उन चांगला लागतं तिथं."

"भाऊ विचुंब्याला?"

"एकच हाय मना." तिने तराजू सरळ केला, पिशवी भरली आणि वरून एक मूठ टाकली. "पयल्यांदा आलीस ना, बाय. परत ये."

मी पैसे दिले आणि निघून आले. एवढंच झालं. सांगायला गेले होते, असं मी स्वतःला म्हणत होते. प्रत्यक्षात ती खरंच आहे का, हे बघून आले होते.

आई स्वयंपाकघरात सुकट निवडत बसली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने डोकी काढायचं थांबवलं नाही. तशीच म्हणाली, "मी पण हक्क सोडल्याची सही केलेली आहे. तुझ्या मामाने कागद पुढे केला. मी शिक्षिका होते, पोरांना रोज वाचायला शिकवत होते. तरी वाचला नाही. वाचायला घेतला असता तर दादाला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटलं का नंतर तुला?"

"कशाचं? मामा अजून आंबे पाठवतो." मग ती म्हणाली, "वाळू आहे थोडी. धुऊन घ्यावी लागेल."

बुधवारी, दहाव्या दिवशी, मी सोमवारचा तो अंक घेऊन बाजारात गेले. पान सहा वर येईल अशी घडी घातली होती. दुपारचं ऊन, गिऱ्हाईक कमी. तिने मला ओळखलं.

"संपली का सुकट?"

"नाही. मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"आकडे येतात. पैशे कोन मोजनार?"

"मग हे मी वाचून दाखवते. तुमच्या विचुंब्याच्या जागेचं आहे."

मी वाचलं. मध्ये एक बाई बोंबलाचा भाव करायला आली. तिला माल बांधून देईपर्यंत मी थांबले. मग परत सुरुवातीपासून वाचलं. ऐकताना तिचे हात चालू होते, वाकटांची जुडी बांधत.

"एकमेव मंजे?"

"एकटाच वारस."

"एकटा कसा? मी त्याच्या पाठची हाय." ती माझ्याकडे बघत राहिली, जणू चूक छापणाऱ्याची असेल. "कोन घेतोय जागा?"

"मी."

जुडी तिने खाली ठेवली. "तू घेनार, मंग मना सांगाया कशाला आलीस?"

"पेपरात आलंय. तुम्हाला कळायला पाहिजे होतं."

"पेपरान आलाय मंजे कळला, असं असतं व्हय?"

"असं धरतात."

शेजारची सुकटवाली इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "अगो, साडी दिली का नाय भावानं गेल्या दिवालीला? ती तीन गुंठ्यांची साडी होती." दोघी हसल्या, हिचं हसणं आधी थांबलं.

"काय करायचा मंग?" तिने विचारलं.

"हरकत लिहून वकिलाकडे द्यायची. रविवारपर्यंत."

"तू लिव."

बातम्यांच्या वहीतलं पान फाडून मी लिहिलं. मयताची मुलगी, वारस म्हणून नाव लावलेलं नाही, विक्रीस संमती नाही. चार ओळी. वाचून दाखवल्या. तिने ओढणीला हात पुसून पेन घेतलं. बचत गटात सही शिकल्याचं तिने सांगितलं. पेन टेकवण्याआधी ती थांबली.

"हे दिल्यावर भाऊ मना गनपतीला बोलावल?"

"ते मला सांगता येणार नाही."

एक रिक्षा मागे येता येता तिच्या टोपलीला लागणार होती. तिने न बघता टोपली आत ओढली. मग सही केली, एक एक अक्षर सुटं. तो कागद मी नोटीस देणाऱ्या वकिलाच्या ऑफिसात देऊन आले.

घरी परतताना माझ्या मनात समाधान नव्हतं. मी खरं सांगायला गेले, की जागा नकोशी झाली होती आणि ती नाकारण्याची जबाबदारी तिच्यावर टाकून आले? रिक्षा खांदा कॉलनीजवळ अडकली तेवढ्या वेळात मी दोन्ही बाजूंनी उत्तर दिलं. दोन्ही पटली.

गुरुवारी वर्गमित्राने ऑफिसात बोलावलं. हरकतीचा कागद त्याच्या टेबलावर होता.

"दहावीपर्यंत तुझ्या वह्या उतरवल्यात मी," तो म्हणाला. "अक्षर लपवायचं तरी होतंस."

"लपवायचं नव्हतं."

"स्वतःच्याच डीलवर हरकत. असा कस्टमर मी पहिल्यांदा बघतोय." तो चिडला होता, पण त्यापेक्षा जास्त त्याला गंमत वाटत होती. "तुला जागा घ्यायचीय की पेपर काढायचाय, ते एकदा ठरव."

शुक्रवारी आई आणि मी बँकेत गेलो. दोन्ही कागद माझ्या पिशवीत होते. ठेव मोडायचा अर्ज आईने सही करून दिला. रक्कम माझ्या खात्यात आली. फीच्या चलनाचा फॉर्म अर्धा भरला असताना वर्गमित्राचा फोन आला.

"ऐक. भावाशी बसलो काल. तयार आहे तो. बहिणीला काहीतरी देऊ, ती हक्क सोडल्याचं लिहून देईल. दोन महिने लागतील, मॅक्स. जागा तुझीच. भाव तोच. पुण्याचे पैसे भरू नकोस."

"ती देईल सही?"

"भाऊ मागायला गेला की देते बहीण. सगळ्या देतात."

तो खरं बोलत होता. तिने सही बहुतेक दिलीच असती. भावाने कागद पुढे केला असता, तिने न वाचता, सुटी सुटी अक्षरं काढली असती, आणि तो कागद माझ्यासाठी असता. मला दोन महिने त्याची वाट बघायची होती. रकान्यातला आठवा मुद्दा हा होता, आणि तो कुठल्याच बाजूला लिहिण्यासारखा नव्हता.

"सांग लवकर," तो म्हणाला.

आई बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. तिने नुसती मान हलवून विचारलं. मी फोन बंद केला आणि फॉर्मचा उरलेला अर्धा भाग भरला. खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती. कारकुनाने चलनावर शिक्का मारला, तेव्हाही मला वाटत होतं की अजून मागे घेता येईल.

पुण्याची दोन वर्षं झाली. आता मी बेलापूरला एका गृहकर्ज कंपनीत आहे, जागांच्या फाइली तपासण्याच्या विभागात. वर्गमित्राच्या फाइली येतात, आल्या की तो फोन करून म्हणतो, "मी काय बोललो होतो?" त्याचं ऑफिस आता टायरच्या दुकानावर नाही, तळमजल्यावर आहे.

विचुंब्याच्या त्या तीन गुंठ्यांवर चार मजले उभे राहिले. दुसऱ्याने घेतली जागा. बहिणीने सही केली, पण आधी वकिलाकडून कागद वाचून घेतला, आणि दुसऱ्या मजल्यावरचं एक घर आपल्या नावावर करून घेतलं. हे मला तिच्याकडूनच कळलं. मागच्या रविवारी मी बाजारात गेले होते.

"भाडं येतं," ती म्हणाली. "पोरीच्या नावावर टाकते."

"सुकट कुठे वाळवता आता?"

"गच्चीवर टाकलेली दोनदा. सोसायटीवाले बोलतात, वास येतो. आता इकडंच खाडीला, दमटान."

"आणि भाऊ?"

"गनपतीला नाय बोलावत. त्याच्या पोराचा साखरपुडा झाला, तो पन लोकांकडून कळला." ती तराजूत सुकट टाकत होती. "तुजं शिक्षान झाला?"

"झालं."

"मंग काय करतंस?"

"घराजागांचे कागद वाचते."

"सगला वाचतंस?"

"सगळं."

तिने काटा बघितला, चिमूटभर सुकट परत काढून ढिगात टाकली, आणि पिशवीला गाठ मारून माझ्या हातात दिली. अर्धा किलो, बरोबर. वरची मूठ नव्हती.